चिकटलेल्या डिस्कचा पावसाळा

भोरात आषाढ जुना झाला की कागदाला ते आधी कळतं. सकाळी प्रिंटरमध्ये घातलेली कडक चळत दुपारपर्यंत मऊ पडते आणि एकाच्या जागी तीन कागद आत ओढले जातात. काडीपेटी पेटत नाही. दुकानाच्या मागच्या भिंतीवर ओल चढत जाते, ती दसऱ्यापर्यंत उतरत नाही. या दिवसांत माझा हात आपोआप संगणकाच्या डब्यावर जाऊन टेकतो. आत काहीतरी फिरतंय ना, ते बघायला. आताच्या डिस्कमध्ये फिरणारं काही नसतं, आवाज नसतो, थरथर नसते. तरी हात जातो. माझी मुलगी हसते. म्हणते, "बाबा, ताप बघताय का त्याचा?"

मी हसण्यावारी नेतो. तो पावसाळा तिच्या जन्माच्या आधीचा.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. भोरच्या बाजारपेठेत माझं टायपिंगचं आणि छपाईचं दुकान होतं. एक जुना संगणक पुण्याहून आणलेला, एक प्रिंटर, एक स्टूल. लग्नपत्रिका, लेटरहेड, शाळांच्या प्रश्नपत्रिका, कोर्टाचे अर्ज. शेजारी नजीरभाईंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या मोटारी, पंखे, पिठाच्या गिरणीच्या मोटारी त्यांच्याकडं यायच्या. तांब्याच्या तारेची वेटोळी दारात टांगलेली असायची आणि वार्निशचा वास दिवसभर माझ्या दुकानात. नजीरभाई माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. मी संगणकाचा कोर्स केला म्हणून ते मला कौतुकानं 'साहेब' म्हणायचे, आणि मीही मनातून स्वतःला तसंच समजायचो.

धुमाळ गुरुजी माझ्याकडं येऊ लागले ते त्याच्या आदल्या वर्षी. वेल्ह्याकडच्या शाळांत नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांची वाडी राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्याच्या वरच्या अंगाला. धरणाचं काम चाललं होतं आणि वाडी उठणार हे ठरलेलं होतं. कोणाला कुठं जागा मिळणार याच्या चर्चा, मोर्चे, अर्ज, सगळं चालू होतं. गुरुजी अर्ज लिहून द्यायचे, पण त्यांच्या डोक्यात दुसरंच काहीतरी होतं. पहिल्या दिवशी त्यांनी पिशवीतून कागद काढले. शाळेच्या जुन्या हजेरीपत्रकांतले उरलेले कोरे कागद, त्यावर पेन्सिलीनं नावं.

"ही कसली यादी, गुरुजी?"

"खाचरांची नावं आहेत. आमच्याकडं भाताच्या प्रत्येक तुकड्याला नाव असतं. सातबाऱ्यावर नुसता गट नंबर. पाणी चढलं की नंबर राहील, नाव जाईल."

मी वाचत गेलो. लंगडी. रडतं खाचर, कारण त्याच्या बांधातून बारा महिने पाणी पाझरायचं. जांभळीखालचं. सासूचा तुकडा. चिलमीचं, कारण भात लावायच्या, आवणीच्या वेळी सगळे तिथं बसून चिलीम ओढायचे. प्रत्येक नावापुढं एकदोन ओळी: नाव कशावरून पडलं, कोण कसायचं, शेजारी कोणाचं खाचर. पोरं वेगवेगळ्या गावठाणांत पांगणार, त्यांच्या हातात एक छोटी पुस्तिका असावी, एवढीच गुरुजींची इच्छा.

वर्षभर ते येत राहिले. नसरापूरला गाडी बदलून, छत्री आणि पिशवी घेऊन. माहिती सांगायला त्यांच्याकडं धोंडीबा नावाचे एक म्हातारे होते, त्यांना निम्मी वाडी पाठ होती. गुरुजी त्यांना बांधाबांधानं फिरवायचे, लिहून घ्यायचे, मग भोरला येऊन माझ्याशेजारी स्टुलावर बसायचे. मी टाइप करायचो, ते पडद्यावरच दुरुस्त्या सांगायचे. "इथं 'होता' नको, 'व्हता' ठेव. धोंडीबा तसंच बोलले." होळीच्या सुमारास धोंडीबा गेले. तोवर अडीचशेच्या आसपास नावं झाली होती. गुरुजी म्हणाले, "बरं झालं, तुझ्यात आलीत सगळी."

ते 'तुझ्यात' म्हणायचे. संगणकात नव्हे. मला ते फार आवडायचं.

त्यांनी एकदा विचारलंही होतं, हे कागद परत नेऊ का म्हणून. मी म्हणालो, "कशाला ओझं नेताय? इथं आलं म्हणजे कायमचं झालं." ते कागद दुकानातच राहिले. एका बाजूनं पेन्सिलीनं भरलेले होते, पण काहींची मागची बाजू कोरी होती, आणि मला छपाईच्या चाचणीला कागद लागायचा. मी ते वापरले. लग्नपत्रिकांच्या कच्च्या प्रती काढल्या आणि टोपलीत टाकल्या. फ्लॉपीवर प्रत काढून ठेवायची तीही राहिली. काढायला एक मिनिट लागलं असतं. सगळी यादी एका फ्लॉपीत मावून वर जागा उरली असती. हे मी आज इतक्या शांतपणे लिहितोय, पण त्यानंतरची कित्येक वर्षं ते एक मिनिट आठवलं की मी चालता चालता थांबायचो.

त्या आषाढात मला ताप आला. आठ दिवस दुकान बंद. बाहेर झड लागलेली, आत संगणक गार पडलेला. नवव्या दिवशी कुलूप काढलं, बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, पण रोज पंख्याच्या मागून जो बारीक चढता सूर यायचा तो आला नाही. मधेच एकदा टक् झालं. मग पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आलं की डिस्क सापडत नाही.

पहिल्या दिवशी मला राग आला नाही. मला वाटलं, वायर सैल असेल. डबा उघडला, वायरी काढून पुन्हा बसवल्या. वीज देणारी वायर बदलून सीडीची लावून पाहिली. डिस्कवर बोट ठेवून बसलो. जिवंत डिस्क बोटाला कळते, आत चकती फिरत असते, तिची थरथर असते. इथं काही नाही. दगडावर बोट ठेवल्यासारखं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. दुपारपर्यंत मी ते बटण किती वेळा दाबलं असेल कोण जाणे. प्रत्येक वेळी वाटायचं, आता.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, "जुनी आहे, टाकून द्या. नवी बसवा."

"अहो, आतलं पाहिजे मला."

"आतलं विसरा," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

मग ज्याला त्याला मी विचारत सुटलो. कोणी म्हणालं, गोठवून बघ. कोल्ड्रिंकच्या दुकानातल्या फ्रीजमध्ये, कुल्फीच्या काड्यांशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली डिस्क मी चार तास ठेवली. बाहेर काढली तर पिशवीतून पाणी ओघळायला लागलं. असल्या हवेत गार वस्तू उघड्यावर आणली की तिला घाम फुटणार, हे कळायला कोर्स लागत नाही. तो दिवस आणि पुढचा अख्खा दिवस ती बल्बखाली वाळवण्यात गेला. कोणी म्हणालं, खालची सर्किटची हिरवी पट्टी जळली असेल, तशीच दुसरी आण. मी पावसात पहिली एसटी धरून पुण्याला गेलो, जुन्या सामानाच्या गल्लीत दिवसभर हिंडलो, त्याच कंपनीची, तशीच दिसणारी डिस्क शोधून आणली. दुकानात येऊन पट्टी काढली तर स्क्रूची भोकं जुळत होती पण आतला जोड वेगळा. मी ती डिस्क भिंतीवर फेकणार होतो. खरंच हात उचलला होता. मग आठवलं की हातात जी आहे ती आणलेली की गुरुजींच्या यादीची, हेच नीट पाहिलेलं नाही. खाली बसलो.

बाहेर गिऱ्हाइकं येत होती. पत्रिका झाली का. लेटरहेड झालं का. एकाचं लग्न तोंडावर आलेलं. मी प्रत्येकाला "उद्या" म्हणत होतो आणि प्रत्येक "उद्या"गणिक माझा आवाज चढत होता. आठव्या दिवशी दारात गुरुजी उभे. छत्री मिटून, पायताण बाहेर काढून. म्हणाले, "काय रे, बरं नाही का अजून?"

मी त्यांना सांगितलं. ते स्टुलावर बसले. उघड्या डब्यात वाकून पाहिलं.

"म्हणजे नावं आत आहेत?"

"आत आहेत. पण चकती फिरत नाही, तोवर वाचता येत नाहीत."

"आणि माझे कागद?"

माझी नजर कोपऱ्यातल्या टोपलीकडं गेली. त्यांनी तिकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि पिशवीत हात घालून घडी घातलेली चार पानं काढली. सुरुवातीला वाचायला दिलेली कच्ची प्रत. तिच्यात चाळीस नावं होती. म्हणाले, "एवढी तरी आहेत." रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

नजीरभाई पलीकडून सगळं ऐकत होते. गुरुजी गेल्यावर ते आले. हातात लांब स्क्रूड्रायव्हर. "साहेब, म्या बघू का?" मी म्हणालो, "भाई, ही पंख्याची मोटार नाही." ते म्हणाले, "न्हाई. पर मोटारच हाय ना?"

त्यांनी मला बटण दाबायला लावलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कच्या कवचावर आणि मूठ कानाला लावून ते डोळे मिटून उभे राहिले. दोनदा, तीनदा. मग म्हणाले, "आत करंट जातोय. लई बारीक गुणगुणती. जोर लावती, पर सुटत न्हाई. चिकटलीय ती. आठ दिवस उभ्या ऱ्हायलेल्या मोटारीचं असंच हुतं. आमी काय करतो, शाफ्टला हातानं एक हिसडा देतो. एकदा सुटली की मग पळती."

"हिला शाफ्ट बाहेर नाही. उघडली तर धूळ जाऊन संपेल."

"उघडायची न्हाई. आख्खीच फिरवायची."

ते ऐकून मला हसू आलं आणि लगेच हसू विझलं. कारण ते बरोबर होतं. चकती आडवी फिरते. डिस्क तळहातांत आडवी धरली आणि मनगटानं एकदम वळवली तर कवच फिरेल, आतली जड चकती मागं राहील, आणि जिथं वाचणारी सुई तिला चिकटून बसली आहे तिथली पकड सुटेल. मी आठ दिवस वीज, वायरी, थंडी, पट्टी यांच्या मागं होतो. मोटार चिकटते, हे मोटारवाल्याला विचारावं असं मला सुचलं नव्हतं. तो राग आजही माझ्याच अंगावर येतो.

पुण्याहून आणलेली दुसरी डिस्क चालू होती, तिची पट्टी परत बसवून ती मी जोडली. गुरुजींची डिस्क डब्याबाहेर काढली, वायरी तशाच ठेवून. नजीरभाईंनी ती दोन हातांत धरली, पुजेच्या ताटासारखी सपाट. "दाब." मी बटण दाबलं, त्यांनी हिसडा दिला. काही नाही. पुन्हा. काही नाही. तिसऱ्यांदा त्यांनी मनगट फिरवलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "सुटली," ते म्हणाले. आणि मग मला ऐकू आला तो सूर, खालून वर चढत जाणारा. पंधरा दिवसांत मी ऐकलेली सगळ्यात गोड गोष्ट.

पडद्यावर माझं सगळं दुकान उभं राहिलं. पत्रिका, प्रश्नपत्रिका, अर्ज, सगळी फोल्डर जागच्या जागी.

नजीरभाई म्हणाले, "आधी मास्तरांचं काढ."

मी म्हणालो, "सगळंच येतंय, भाई."

मी सगळी फोल्डर एकदम उचलली आणि दुसऱ्या डिस्कवर टाकली. नावं इंग्रजी अक्षरांत होती, त्याच क्रमानं ती जाऊ लागली. लग्नपत्रिकांची फुलं, गणपती, वेलबुट्ट्या, जड जड चित्रं एकामागून एक सरकत होती. गुरुजींच्या फोल्डरला मी 'वाडी' असं नाव दिलं होतं. व्ही हे अक्षर फार शेवटी येतं.

निम्मंही झालं नसेल, वीज गेली. पाठीशी बॅटरी होती, ती टीं टीं करायला लागली. बॅटरी जुनी होती, तीन-चार मिनिटं टिकायची. तेवढ्यात चाललेलं थांबवून एकच छोटी फाइल उचलता आली असती. मला ते माहीत होतं. नजीरभाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरं, त्यांचं घे." आणि मी पडद्यावरच्या त्या निळ्या पट्टीकडं बघत बसलो. वीज येईल, आत्ता येईल, मधेच थांबवलं तर सगळंच बिघडेल, असं काहीतरी डोक्यात. पट्टी थोडी सरकली. मग पडदा काळा झाला आणि तो सूर हळूहळू खाली उतरत गेला.

वीज दोन तासांनी आली. नजीरभाईंनी संध्याकाळपर्यंत हिसडे दिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी आत खरखर ऐकू आली तेव्हा त्यांनीच डिस्क खाली ठेवली. "बास. आता तिला तरास नगं."

माझ्या पत्रिका वाचल्या. त्या लग्नाची पत्रिका वेळेवर छापून गेली.

गुरुजींना मी सांगितलं, चालू झाली होती पण वीज गेली. हे खोटं नव्हतं. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "रविवारी मोकळा असतोस का?"

मग श्रावणभर दर रविवारी आम्ही दोघं हिंडलो. वाडी तोवर अर्धी उठली होती. कोणी शिवऱ्याच्या बाजूला हायवेजवळ, कोणी नातेवाइकांकडं आंबवड्याला, कोणी पार लांब. पत्र्याच्या नव्या शेडमध्ये बसून गुरुजी विचारायचे, "ओढ्याच्या वरचं, बाभळीच्या अलीकडचं, त्याला काय म्हणायचो आपण?" लोक डोकं खाजवायचे. तिथं उभं राहिल्यावर जे नाव तोंडात यायचं ते पत्र्याखाली येत नव्हतं. एक जण एक सांगायचा, त्याचा भाऊ दुसरं. एकानं सरळ सांगितलं, "गुर्जी, ते गेलं ते जाऊ द्या. हितं नळ कवा येनार ते लिवा अर्जात." गुरुजींनी तो अर्जही लिहून दिला. परतीच्या गाडीत मी खिडकीबाहेर बघायचो. धोंडीबांनी हे सगळं एकदा सांगितलेलं होतं, बसल्या बैठकीला, हसत हसत. ते माझ्याकडं होतं.

भाद्रपदापर्यंत पावणेदोनशे नावं जमली. चाळीस पानांची पुस्तिका झाली, पिना मारलेली, दीडशे प्रती. ती वाटायला आम्ही नव्या गावठाणात गेलो. समाजमंदिर अजून बांधायचं होतं, एका ओसरीत सतरंजी टाकली. लोकांनी पुस्तिका घेतल्या, उलट्यासुलट्या चाळल्या, आपापल्या खाचराचं नाव शोधलं. हौसाबाई नावाची एक म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली. "वाच बाबा, आमच्या आळीचं." मी तिच्या भावकीचं पान काढलं आणि वाचलं. ती नाव येईल तशी मान हलवत होती. पान संपलं. ती थांबून राहिली.

"आन् रुसव्याचं?"

"कुठलं, आजी?"

"रुसव्याचं खाचर. लंगडीच्या खालतं, एवढंसं हुतं. माजं नवं लगीन झालेलं. सासूनं काय बोल लावला आन् म्या आवनी सोडून त्येच्या बांधावर जाऊन बसली. दिवस मावळंस्तवर उठली न्हाई. मामंजी आलं समजूत काडाया. तवापासनं समदी त्येला रुसव्याचं म्हनायची." तिनं पानावर बोट ठेवलं, जिथं काहीच नव्हतं तिथं. "न्हाई व्हय हितं?"

मी गुरुजींकडं पाहिलं. ते ऐकत होते.

"पहिल्या यादीत होतं का हे?" मी विचारलं.

ते म्हणाले, "धोंडीबांनी सांगितलं असेल. नसेलही. मला आठवत नाही." मलाही आठवत नव्हतं. मी ते माझ्या हातानं टाइप केलं होतं की नाही, याचाच पत्ता नव्हता. आणि त्या क्षणी मला कळलं की किती गेलं हेही आता कोणाला कळणार नाही.

म्हणून मग मी बोललो. लोक बसलेले असताना, हौसाबाई ऐकत असताना. म्हणालो, "गुरुजी, वीज गेली हे खरंय. पण त्याआधी डिस्क चांगली चालू होती. तुमचं एका मिनिटात निघालं असतं. नजीरभाई सांगत होते. मी माझ्या पत्रिका आधी घेतल्या."

 गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. खिशातून पेन काढून हौसाबाईची प्रत मांडीवर घेतली आणि लंगडीच्या ओळीखाली, दोन ओळींमधल्या जागेत, बारीक अक्षरात लिहिलं: रुसव्याचं खाचर. पुढं एक ओळ: हौसाबाई नव्या नवरीच्या सालात रुसून बसल्या, म्हणून. तिला वाचून दाखवलं. तिनं प्रत हातात घेऊन त्या शाईवर अंगठा फिरवला. शाई ओली होती, थोडी पसरली.

मग गुरुजींनी वाटलेल्या सगळ्या प्रती लोकांकडून परत मागून घेतल्या, उरलेल्या पिशवीतून काढल्या, आणि त्यांचे दोन ढीग केले. एक स्वतःपुढं ओढला, एक माझ्यापुढं सरकवला. "पान अकरा," ते म्हणाले. "पेन आहे का तुझ्याकडं?"

नव्हतं. कोणीतरी शाळकरी मुलीच्या दप्तरातून आणून दिलं. हौसाबाई आमच्यामध्ये बसून राहिल्या, आणि आम्ही लिहायला लागलो.